मागच्या सीटवरची कॅन

माझ्या मोटारसायकलच्या मागच्या सीटवर पंचवीसेक वर्षं माणूस असा बसलाच नाही. तिथे कॅन बसायची. मी दूध संघाच्या नोकरीत, आणि गावोगाव फिरून गायी-म्हशींना कृत्रिम रेतन करायचं हे माझं काम. वळूच्या बीजाच्या कांड्या त्या कॅनमध्ये द्रवरूप नायट्रोजनात बुडवून ठेवलेल्या असतात. झाकण काढलं की पांढरा धूर निघतो आणि गावातली पोरं गोळा होतात. ही कॅन आडवी झाली की संपलं. नायट्रोजन सांडतो, कांड्या वाया जातात, आणि मग संघाचे साहेब आपल्यालाच आडवं करतात. म्हणून सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनी ती सीटवर आवळायची, पाठ ताठ ठेवायची आणि खड्डा दिसला की गाडी हळू घ्यायची.

त्यातून मला एक खोड लागली. खड्डा, गतिरोधक, नाल्यावरचा पूल, काहीही आलं की डावा हात आपोआप मागे जातो आणि कॅनची मान चाचपून पुढे येतो. कॅन जागेवर आहे ना, एवढंच बघायचं असतं. हात मला विचारत नाही. लग्नाच्या पंगतीत बसलो असताना शेजारच्याचा धक्का लागला, तरी हात मागे गेलेला लोकांनी पाहिला आहे.

लोक मला डॉक्टर म्हणतात. मी डॉक्टर नाही. पहिली दोन-चार वर्षं मी लोकांना तसं सांगत होतो, नंतर कंटाळलो. आष्टी तालुक्यात असा एक रिवाज पडून गेला आहे की डॉक्टरची गाडी रस्त्यात कुणीही हात करून थांबवावी. देवळात जात असा, मयतीला जात असा, हात वर झाला की थांबायचं. ‘गाय माजावर आलीय’ म्हटलं की पुढचं बोलायचं कामच नाही. सकाळी माज दिसला तर दिवस मावळायच्या आत काम व्हावं लागतं. ती वेळ गेली की पुढचे तीन आठवडे गोठ्यातला माणूस गायीच्या तोंडाकडे बघत बसतो. म्हणजे घड्याळ म्हणतं पळ आणि कॅन म्हणते हळू. या दोघांच्या मध्ये माझं कंबरडं गेलं.

बायको कॅनला सवत म्हणते. आमची लग्नकार्यं, बारशी, तिच्या माहेरच्या जत्रा, सगळीकडे ती एसटीने पुढे जायची आणि मी ड्युटी उरकून कॅनसकट मागून पोचायचो. कुणी तिला विचारलं, ‘मालकाच्या गाडीवर कावून न्हाई आल्या?’ तर म्हणायची, ‘आधी सवतीला उठवावं लागतंय.’ लोक हसायचे. मीही हसायचो.

तिची एकच इच्छा होती आणि ती तिने लग्नाच्या पहिल्या महिन्यातच सांगून ठेवली होती: कपिलधारला जायचं, आणि मोटारसायकलवर जायचं. तिचं माहेर मांजरसुंब्याच्या अलीकडचं. लहानपणी ती आईबरोबर पायी कपिलधारला जायची, धबधब्याखाली उभी राहायची, ओल्या अंगाने महादेवाचं दर्शन घ्यायची आणि पायीच परत यायची. त्या वेळी घाटातून एक जोडपं मोटारसायकलवर भुर्रकन गेलेलं तिने पाहिलं होतं. ते तिच्या डोक्यात बसलं. मी म्हणालो, जाऊ की, धबधबा चालू होऊ दे. पण आमचं गणित उलटं. पाऊस पडला की हिरवा चारा होतो, गायी माजावर येतात, मला मान वर करायला फुरसत नसते. पाऊस पडला नाही की गायी आटतात, माजावर येत नाहीत, मला सुट्टीच सुट्टी. पण तेव्हा धबधबा आटलेला. अशी वर्षं निघून गेली, आणि आम्ही दोघंही त्याबद्दल बोलायचं थांबलो.

मी सांगतोय तो उन्हाळा फार वाईट होता. आमच्या भागातल्या कारखान्याचं धुराडं त्या साली पेटलंच नाही. जो काही ऊस उभा होता तो कांड्या करून चारा छावण्यांना गेला. जनावरं छावणीत, तरणी माणसं ऊसतोडीवरून परत आली तीच पुन्हा पुण्या-मुंबईला, आणि गावात राहिलो आम्ही अर्धेमुर्धे. आम्ही राहतो त्या कडा गावात, आमच्या गल्लीत टँकर यायचा, पण कधी येईल ते ड्रायव्हरलाही माहीत नसायचं. बायकोचे गुडघे त्या हंड्यांनी गेले. एकदा भरलेल्या घागरीसकट दारातच बसली, तिला उठता येईना. पुण्याच्या लेकीला हे कळलं. तिने फोनवर मला जे सुनावलं ते इथे लिहीत नाही. ठरलं असं की पाऊस पडेपर्यंत आईने लेकीकडे राहायचं. मी छावण्यांची ड्युटी सोडून जाऊ शकत नव्हतो. आणि पाऊस पडेपर्यंत म्हणजे कधीपर्यंत, हे कुणीच विचारलं नाही. लेकीकडे लहान मूल होतं, तिला आई हवीच होती. एकदा गेलेलं माणूस पाऊस पडला म्हणून परत येतंच असं नाही, हे मी आमच्या गल्लीतल्या कुलपांवरून शिकलो होतो.

सोमवारच्या सकाळच्या गाडीने ती जाणार होती. रविवारी मला सुट्टी होती. आणि नेमकी त्याच रविवारी ती मोटारसायकल माझ्या हातात आली.

दूध संघाच्या अध्यक्षांच्या पुतण्याने आष्टीत गाड्यांचं शोरूम टाकलं होतं. पूर्वी तिथे पेंडीचं दुकान होतं, त्यामुळे आत शिरलं की अजून सरकीचा वास यायचा. साध्या गाड्यांच्या मधोमध त्याने एक लांब पल्ल्याची गाडी आणून उभी केली होती. पुढे मोठी काच, दोन्ही बाजूंना पेट्या, पाच-सात राज्यं फिरून यावं अशी. दुष्काळात असली गाडी कोण घेणार? लोक यायचे, पंख्याखाली उभे राहायचे, जारमधलं गार पाणी प्यायचे, गाडीवरून हात फिरवायचे आणि जायचे. पोरगं कावून गेलं होतं. मला म्हणालं, ‘काका, एक दिवस फिरवून आणा. टाकी फुल्ल करून देतो. सगळ्या गावांत तुमची वळख हाय, लोकांना दिसू तरी द्या. उभ्या उभ्या म्हातारी व्हायलीय गाडी.’

मी म्हणालो, ‘आणि मी काय तरणा हाय का?’

‘म्हणून तर तुमाला देतोय. तरणी पोरं परत आणत न्हाईत.’

मी जास्त आढेवेढे घेतले नाहीत. मनात एकच गोष्ट होती आणि ती मी त्याला सांगितली नाही. माझी गाडी त्याच्या दारात लावली, कॅन संघाच्या ऑफिसात होतीच. त्याने दोन मोठी हेल्मेटं पेटीत घालून दिली. आमच्याकडे दोन हेल्मेटं एका गाडीवर मी तोवर पाहिली नव्हती.

आष्टीहून कड्यापर्यंत मी एकटाच होतो. खरं सांगायचं तर पहिले दोन-तीन मैल मला काहीच मजा आली नाही. सीट उंच, पायाची बोटंच काय ती टेकतात. माझ्या जुन्या गाडीचे गिअर टाचेने मागे दाबायची सवय, इथे मागे दांडाच नाही; टाच हवेत मारून मारून पोटरी दुखायला लागली. पेट्रोल रिझर्व्हला लावायची कळ शोधायला हात टाकीखाली जात होता आणि तिथे ती कळ नव्हती. आणि प्रत्येक गतिरोधकाला डावा हात मागे. मागे मोकळी सीट. पहिल्यांदा तर कॅन पडली असं वाटून मी ब्रेक दाबला आणि मागच्या रिक्षावाल्याच्या शिव्या खाल्ल्या.

मग एका सरळ रस्त्याला लागलो. दोन्हीकडे नांगरलेली काळी रानं, त्यात काही नाही, वर आभाळात काही नाही. गाडी गुरगुरत होती. मला वाटलं हिचा जीव एवढाच. मग लक्षात आलं की मी चौथ्या गिअरमध्ये होतो. माझ्या गाडीला चारच असतात, म्हणून मी चारवर थांबलो होतो. हिला अजून दोन शिल्लक होते. पाचवा टाकला, सहावा टाकला. गाडीचा आवाज खाली बसला आणि रस्ता अंगावर यायला लागला. काचेमुळे वारा डोक्यावरून जात होता. त्या क्षणी मला हसू आलं, हेल्मेटमध्ये, एकट्यालाच. आणि लगेच दमल्यासारखंही झालं. हे असं असतं हे आधी कळायला हवं होतं, असं काहीतरी वाटलं.

घरी पोचलो तर बायको दारात रिकाम्या ड्रमांच्या रांगेत बसलेली. टँकरची वाट. आत बॅग अर्धी भरलेली. मी गाडी बंद केली, हेल्मेट काढलं, तेव्हा तिने ओळखलं.

‘कुणाची आणली?’

‘शोरूमची. संध्याकाळपर्यंत आपली हाय. चल, कपिलधारला.’

तिने ड्रमांच्या रांगेकडे पाहिलं. मग म्हणाली, ‘टँकर यायचाय.’

मला राग आला. माझा राग तसा लवकर येतो आणि नको तिथे येतो. मी म्हणालो, ‘उद्या तू पुण्याला नळाखाली बसणार, आज टँकरची काळजी तुला कशाला?’ ती म्हणाली, ‘तुमी काय पिणार मग?’ शेजारची बाई सगळं ऐकत होती. ती म्हणाली, ‘जा गं. तुझे ड्रम मी भरते. गाडी बी बघ कशी हाय, म्हशीवानी. आन येताना त्या पेट्यांतून पाणी तरी भरून आणा.’

मग दुसरी अडचण. आमच्या बायका गाडीवर एका अंगाला बसतात. पण पेट्या अशा होत्या की एका अंगाला बसायला जागाच नव्हती. दोन्हीकडे पाय टाकूनच बसावं लागणार. साडीत ते जमेना. एकदा प्रयत्न केला, गल्लीतली चार पोरं बघत होती, ती खाली उतरली आणि आत निघून गेली. मला वाटलं, झालं, संपलं. मी गाडीच्या आरशात स्वतःचं तोंड बघत उभा राहिलो. थोड्या वेळाने ती बाहेर आली. लेकीचा जुना पंजाबी ड्रेस घातलेला, डोक्यावरून ओढणी, हातात भाकरीचं फडकं. शेजारीण म्हणाली, ‘अगं बाई, पोरगीच झालीस की.’ बायको कुणाकडेही न बघता माझ्या खांद्याला धरून चढली. गुडघा वर घेताना तिच्या तोंडून बारीक आवाज आला. मी ऐकला नाही असं दाखवलं.

आष्टी मागे टाकून जामखेडच्या रस्त्याला लागलो. हेल्मेट असल्यामुळे मला कुणी ओळखत नव्हतं. गावं येत होती, जात होती, एकही हात वर होत नव्हता. पंचवीस वर्षांत असं झालं नव्हतं. बरं वाटत होतं, आणि थोडं चुकल्यासारखंही. तेवढ्यात रस्त्याकडेला छावणी आली, आणि तिथून एक म्हातारा शेतकरी दोन्ही हात वर करून रस्त्यावर आला. मी थांबलो.

‘डाक्टर, तुमीच ना? बसण्यावरून वळखलं. एवढं ताठ दुसरं कोण बसतंय?’ मग त्याने रिवाजाप्रमाणे माझ्या मागे पाहिलं. ‘क्यान कुठाय?’

बायको हेल्मेटमधून म्हणाली, ‘आज क्यानच्या जागी मी हाय.’

म्हातारा मनापासून हसला. पण हसून झाल्यावर त्याने जे सांगायचं ते सांगितलंच. त्याची गाय सकाळपासून हंबरत होती. माजावर आली होती. दुष्काळाच्या दोन वर्षांत पहिल्यांदा. छावणीतल्या उसाने आणि पेंडीने अंगावर थोडं मांस धरलं असावं. ती त्याची एकुलती राहिलेली गाय, बाकीची बाजारात गेली होती. ‘तुमी हाय म्हणल्यावर मला काय चिंता,’ एवढंच तो म्हणाला. हेच मला नको होतं. भांडला असता तर मीही भांडलो असतो.

संघात माझंच काम करणारा एक जोडीदार आहे, मी त्याला फोन लावला. लागेना. पुन्हा लावला. मग म्हाताऱ्याला म्हणालो, ‘बघतो. दुसऱ्या कुणाला तरी लावून देतो.’ त्याने मान हलवली आणि बाजूला झाला. मी गाडी काढली.

त्यानंतरचा रस्ता मी नीट पाहिलाच नाही. जामखेड गेलं, सौताड्याचा घाट आला, पाटोदा गेलं. रस्ता चांगला होता, गाडी उत्तम होती, वळणावर नुसतं मनात आणलं तरी वळत होती. आयुष्यभर ज्याची वाट पाहिली ती सहल चालली होती आणि माझ्या डोक्यात म्हाताऱ्याची गाय हंबरत होती. मी जिथे थांबेन तिथे जोडीदाराला फोन लावत होतो. पाटोद्याच्या पुढे चहाला थांबलो तेव्हा बायको म्हणाली, ‘लागला का?’ मी म्हणालो, ‘न्हाई.’ तिने चहा बशीत ओतला आणि फुंकत बसली.

कपिलधारला उतरलो. धबधबा नव्हता. ते आम्हाला माहीतच होतं. जिथून पाणी पडतं तिथे कड्यावर काळपट ओला पट्टा तेवढा होता, आणि खालच्या कुंडात तळाला हिरवं थोडं पाणी. माकडं सावलीत बसलेली. देवळात दर्शन घेतलं. मग ती एकटीच त्या कड्यापाशी गेली, ओल्या दगडाला तळहात लावून बराच वेळ उभी राहिली आणि तोच हात डोळ्यांवरून फिरवला. मी लांब उभा होतो. पंजाबी ड्रेस, पांढरे केस, खडकाला टेकलेला हात. मला तिची इतकी कीव आली, आणि माझी स्वतःचीही, की मी तोंड फिरवलं.

सावलीत बसून भाकरी सोडली. तिने एक घास खाल्ला आणि विचारलं, ‘कवापर्यंत चालतंय?’

‘काय?’

‘गायीचं.’

‘दिवस मावळेपर्यंत.’

तिने फडकं पुन्हा बांधायला घेतलं. ‘चला मग.’

आता मात्र मी चिडलो. देवळाच्या आवारात बोलू नये एवढ्या मोठ्याने बोललो. ‘बस की गप. एक दिवस! एका दिवसानं काय तालुका बुडत न्हाई. उद्या तू चाललीस. परत कधी बसणार हायेस इथं माझ्याबरोबर?’

ती शांतपणे म्हणाली, ‘तुमी गायीपाशी हायसा. मी बी तिथंच हाय, त्या म्हाताऱ्याचं तोंड दिसायलंय मला. मग इथं बसलंय कोण?’

मी उठलो. तिने माझा हात धरून गुडघ्यावर जोर दिला आणि उठली.

घाट चढून वर आलो, मांजरसुंबा मागे पडला, पुढे रस्ता मोकळा. मी सवयीने हळू चाललो होतो. तिने माझ्या पाठीवर थाप मारली आणि ओरडली, ‘पळवा की! आता सवत न्हाई मागं!’

मग मी पळवली. सहावा गिअर टाकला आणि पाठ वाकवली. पंचवीस वर्षं ताठ ठेवलेली पाठ वाकवली आणि टाकीवर झुकलो. बाभळी मागे पळत होत्या, कोरडे नाले येत होते, जात होते. तिने दोन्ही हातांनी मला धरलं होतं आणि ती हसत होती. हेल्मेटमधून आवाज येत नव्हता, पण पाठीला ते हसू कळत होतं. मला मजा आली. हे मी साधं लिहितो, कारण ते साधंच होतं. कुठे जायचं ते माहीत होतं, वेळेत जायचं होतं, मागे ती होती, आणि रस्ता मोकळा होता. एवढी मजा मला त्याआधी आली नव्हती आणि त्यानंतरही आली नाही.

छावणीवरून जाताना न थांबताच हॉर्न दिला, आलोच, असं. आष्टीत संघाच्या ऑफिसात गेलो, कॅन काढली, ट्यूबच्या पट्ट्या घेतल्या आणि गाडीपाशी येऊन थबकलो. सीट एकच. बायको आधीच खाली उतरली होती. म्हणाली, ‘बांधा तिला. मी बसते इथं पायरीवर. या तुमी जाऊन.’

तिने ते अगदी सहज म्हटलं. मी पट्टी ओढायला लागलो. पण त्या सीटला पट्टी अडकवायला जागा नव्हती, कॅन डुगडुगत होती. दोनदा बांधली, दोनदा सुटली. माझी जुनी गाडी शोरूमच्या दारात, गावाच्या दुसऱ्या टोकाला, आणि ऊन उतरायला लागलं होतं. तिने थोडा वेळ पाहिलं, मग पुढे आली, माझ्या खांद्याला धरून गाडीवर चढली आणि हात पुढे केले.

‘द्या इकडं.’

‘जड हाय.’

‘घागरीपेक्षा जड हाय का?’

मी कॅन तिच्या मांडीवर, आमच्या दोघांच्या मध्ये ठेवली. तिने ती दोन्ही हातांनी धरली. म्हणाली, ‘सवतीला मांडीवर घ्यायची पाळी आली बघा.’

पुन्हा हळू. पुन्हा ताठ. गावाबाहेरचा मोठा गतिरोधक आला, आणि डावा हात आपोआप मागे गेला. कॅनची मान चाचपायला गेला, पण मानेवर आधीच तिचा हात होता. बोटं त्याच जागी, जिथे माझी असतात. माझा हात तिच्या हातावर पडला आणि तिथेच राहिला.

‘धरलीय मी,’ ती म्हणाली. ‘तुमी पुढं बघा.’

काम झालं. म्हाताऱ्याने छावणीतला कोरा चहा पाजला. गाडी वेळेवर परत दिली. पोराने विचारलं, ‘काका, कशी वाटली?’ मी म्हणालो, ‘मागची सीट चांगली हाय.’ त्याला ते कळलं नाही. कॅन ऑफिसात ठेवली आणि माझ्या जुन्या गाडीवर आम्ही घरी आलो. वाटेत तिचं डोकं माझ्या पाठीला टेकलं. ती झोपली होती. मी खड्डे चुकवत आलो. शेजारणीने ड्रम भरून ठेवले होते.

सकाळी ती गेली. पाऊस त्या वर्षी उशिरा आला आणि थोडाच आला. पुढच्या वर्षीही तसंच. लेकीचं मूल शाळेत जायला लागलं, बायकोच्या गुडघ्यांचं औषध तिकडेच सुरू झालं. ती सणावाराला येते, चार दिवस राहते. गेल्यानंतरचे पहिले तीन आठवडे ती फोनवर आधी एकच विचारायची, ‘उलटली का?’ म्हणजे गाय पुन्हा माजावर आली का. मी सांगायचो, ‘न्हाई.’ चौथ्या आठवड्यातही मी न्हाईच सांगितलं, तेव्हा तिला कळलं की गाय गाभण राहिली. फोनवर तिने श्वास सोडल्याचा आवाज आला. कालवड झाली.

मी अजून जुन्या गाडीवर फिरतो. कॅन मागे बांधलेली असते. गतिरोधक आला की हात मागे जातो, मान चाचपतो. कॅन जागेवर असते, पट्ट्या घट्ट असतात. तरी पुष्कळदा मी गाडी बाजूला घेऊन थांबतो आणि मागे वळून रस्त्यावर बघतो. काहीतरी पडलं असं वाटतं.